हाफकिन नेमके कोण होते? औषध खरेदीच्या वादात अडकलेले नाव आणि 53-एन क्रमांकाची बाटली

पालम : चाटोरी, बनवस किंवा पेठशिवणीच्या शिवारात एखाद्या शेतकऱ्याला साप चावला, की नातेवाइकांना पहिला प्रश्न पडतो तो सरकारी दवाखान्यात इंजेक्शन आहे का, हा. पालममध्ये नसेल तर गंगाखेड, तिथे नसेल तर परभणी किंवा नांदेड. इंजेक्शन का नाही, याचे उत्तर काही वर्षे राज्यभरातल्या सरकारी दवाखान्यांत एकाच शब्दात मिळायचे. हाफकिनकडून पुरवठा झालेला नाही.

2017 मध्ये राज्य सरकारने सरकारी रुग्णालयांसाठी लागणारी औषधे आणि यंत्रसामग्री एकाच ठिकाणाहून खरेदी करण्याचे ठरवले आणि ते काम मुंबईतील हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे दिले. तेव्हापासून 2023 पर्यंत औषधटंचाईच्या प्रत्येक बातमीत हे नाव येत राहिले. अनेकांना ते एखाद्या ठेकेदार कंपनीचे नाव वाटते. प्रत्यक्षात ते एका माणसाचे आडनाव आहे. वॉल्डेमार मोर्डेकाई हाफकिन हे त्यांचे पूर्ण नाव. प्लेगच्या साथीत त्यांनी मुंबईत लस तयार केली आणि ती पहिल्यांदा स्वतःच्या शरीरात टोचून घेतली.

योगायोग असा की त्यांची कारकीर्दही पुरवठ्याच्या एका वादातच संपली. एका ठिकाणी बनलेले औषध शेकडो मैलांवरच्या गावात पोहोचले, तिथे माणसे दगावली आणि चूक कुणाची, हा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर मिळायला पाच वर्षे लागली.

ओडेसा ते पॅरिस

हाफकिन यांचा जन्म 15 मार्च 1860 रोजी ओडेसा येथे ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज युक्रेनमध्ये आहे. आई लहानपणीच गेली. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना प्राणिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून इल्या मेचनिकॉव्ह लाभले. रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी पुढे नोबेल मिळालेले तेच हे मेचनिकॉव्ह.

त्या काळात रशियात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले होत होते. 1881 च्या दंगलीत हाफकिन वस्तीचे रक्षण करणाऱ्या तरुणांच्या गटात होते. त्यांना अटक झाली आणि मेचनिकॉव्ह यांनी शब्द टाकल्यावर सुटका झाली. पदवी मिळाली, पण प्राध्यापकी नाही. ती हवी असेल तर धर्म बदलावा लागेल, अशी स्थिती होती. हाफकिन यांनी धर्म बदलला नाही आणि काही वर्षे ओडेसाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात काम केले.

1888 मध्ये ते देश सोडून जिनिव्हाला गेले आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आले. मेचनिकॉव्ह तिथे आधीच पोहोचले होते. मात्र प्रयोगशाळेत जागा रिकामी नव्हती. हाफकिन यांना नोकरी मिळाली ती ग्रंथालयात, सहायक म्हणून. पुस्तके सांभाळून उरलेल्या वेळात त्यांनी पटकीच्या म्हणजे कॉलऱ्याच्या जंतूवर काम सुरू केले.

18 जुलै 1892 रोजी त्यांनी कॉलऱ्याची लस स्वतःला टोचली. ताप आला आणि उतरला. पण ज्या देशात कॉलरा दरवर्षी हजारोंचे बळी घेतो, तिथे प्रयोग झाल्याशिवाय या लशीला अर्थ नव्हता. पॅरिसमधील ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन हे पूर्वी भारताचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या मदतीने हाफकिन यांचा भारताचा मार्ग मोकळा झाला.

कलकत्त्याच्या वस्त्यांत

मार्च 1893 मध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले. वय 33. ते ब्रिटिश नव्हते, लष्करी वैद्यकीय सेवेत नव्हते आणि डॉक्टरही नव्हते, प्राणिशास्त्राचे पदवीधर होते. सरकारी डॉक्टरांच्या फळीला हा माणूस शेवटपर्यंत बाहेरचाच वाटत राहिला. पुढे मुल्कोवालमध्ये जे झाले, त्याच्या चौकशीत हे आडून आडून जाणवते.

पुढच्या अडीच वर्षांत उत्तर भारत, बंगाल आणि आसामात फिरून त्यांनी 42 हजारांहून अधिक लोकांना कॉलऱ्याची लस दिली. लस घेणे ऐच्छिक होते. कलकत्त्याच्या एका वस्तीत साथ आली तेव्हा सुमारे 200 रहिवाशांपैकी 116 जणांनी लस घेतली. त्यानंतर वस्तीत जे आजारी पडले, ते सगळे लस न घेतलेल्यांपैकी होते. एकाच वस्तीतली, एकच पाणी पिणारी माणसे आणि दोन गटांत इतका फरक. आजच्या भाषेत ही नियंत्रित चाचणीच, फक्त तेव्हा तिला हे नाव नव्हते. मलेरियाने खंगल्यामुळे 1895 मध्ये त्यांना युरोपला परतावे लागले, पण पुढच्याच वर्षी ते पुन्हा भारतात आले.

मुंबई, 1896 : एक खोली, एक व्हरांडा

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. शहर रिकामे होऊ लागले. गावाकडे निघालेल्या माणसांबरोबर रोगही निघाला. सरकारने हाफकिन यांना मुंबईला बोलावले आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ते पोहोचले.

भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. पुढची काही दशके देशाला प्लेगची लस पुरवणाऱ्या यंत्रणेची सुरुवात ही एवढीच.

प्लेगचा जंतू वाढवायला मांसाचा रस्सा लागतो. युरोपात त्यासाठी गोमांस वापरत. भारतात तसली लस कुणी टोचून घेणार नाही, हे ओळखून हाफकिन यांनी बोकडाचे मांस वापरले. रश्शाच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब सोडले, की जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढतात, हेही त्यांच्या लक्षात आले. पाच-सहा आठवडे ही वाढ होऊ द्यायची, मग सुमारे तासभर तापवून जंतू मारायचे आणि थोडे कार्बोलिक ॲसिड घालून बाटल्या बंद करायच्या, अशी पद्धत होती.

10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. नेहमीच्या मात्रेपेक्षा जास्त मात्रा घेतली. ताप आणि वेदना झाल्या, पण काम थांबले नाही. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांना विचारण्यात आले आणि निम्म्याच्या आसपास कैदी तयार झाले. लस न घेतलेल्यांपैकी 12 जण आजारी पडले व 6 दगावले. लस घेतलेल्यांत 2 जण आजारी पडले, मृत्यू एकही झाला नाही.

त्याच महिन्यांत पुण्यात काय चालले होते, ते मराठी वाचकाला माहीत आहे. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले 10 मार्च 1897 रोजी गेल्या. घराघरांत शिरून झडत्या घेणारे सैनिक, सक्तीने छावणीत नेलेली कुटुंबे आणि त्यातून उसळलेला संताप. 22 जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. सरकारच्या हाती तेव्हा 1897 चा साथरोग कायदा होता. कोरोनाच्या वेळी 2020 मध्ये वापरला गेला, तो हाच. हाफकिन यांची लस या सक्तीच्या गदारोळातच लोकांसमोर आली, त्यामुळे तिच्याबद्दलही अफवा पसरल्या. तरी लस घ्यायची की नाही हे माणसाने ठरवावे, ही भूमिका त्यांनी सोडली नाही.

विश्वास बसायला स्थानिक माणसेच कामी आली. खोजा समाजाचे धर्मगुरू आगा खान (तिसरे) यांनी समाजासमोर स्वतः लस टोचून घेतली आणि मुंबईतल्या हजारो खोजांनी त्यांचे पाहून ती घेतली. प्रयोगशाळेला जागा पुरेना तेव्हा त्यांनी माझगावची आपली वास्तूही दिली. अखेर 10 ऑगस्ट 1899 रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. आजची हाफकिन संस्था तिथेच आहे.

पालम आणि परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, मुंबई सरकारच्या अखत्यारीत नव्हते. पण लस बनत होती ती परळमध्येच. ब्रिटिश प्रांत असो वा संस्थान, प्लेग आला की मागणी मुंबईकडे जायची.

मागणी वाढली, पद्धत बदलली

एक खोली आणि तीन शिपायांच्या प्रयोगशाळेचा कारखाना झाला, तिथून खरी गोष्ट सुरू होते. साथीत मागणी हळूहळू वाढत नाही, अचानक उसळते. प्लेग मुंबईतून गुजरातेत, धारवाड-हुबळीकडे आणि पुढे पंजाबात गेला. 1902 मध्ये पंजाब सरकारने लसीकरणाची प्रचंड मोहीम आखली. त्यासाठी लाखो मात्रा हव्या होत्या आणि त्या देऊ शकणारे ठिकाण एकच होते, परळ.

रश्शाच्या पद्धतीत एक घाणा तयार व्हायला पाच-सहा आठवडे लागत. एवढ्या वेळात पंजाबची मागणी पूर्ण होणे शक्य नव्हते. हाफकिन यांनी पद्धत बदलली. रश्शाऐवजी अगरवर, म्हणजे समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या घट्ट थरावर जंतू वाढवायचे आणि पाण्यात काढून घ्यायचे. काम काही दिवसांत होऊ लागले. या नव्या पद्धतीत कार्बोलिक ॲसिडही वगळले होते. लस तापवल्यावर त्याची गरज उरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते आणि पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येही ते वापरणे बंद झाले होते.

तांत्रिकदृष्ट्या निर्णय चुकीचा नव्हता, हे पुढे सिद्ध झाले. पण मोठ्या मोहिमेच्या ऐन तोंडावर उत्पादनाची पद्धत बदलली की, पुढे काहीही बिघडले तरी पहिले बोट त्या बदलाकडे जाते. कारखान्यात काम केलेल्या कुणालाही हे सांगावे लागणार नाही.

परळमध्ये एक गोष्ट मात्र चोख होती. प्रत्येक बाटलीला क्रमांक होता. कोणती बाटली कधी भरली आणि कोणत्या घाण्यातली, याची नोंद होती. लस देणाऱ्यांकडेही कोणत्या बाटलीतून कुणाला टोचले, याची यादी होती.

मुल्कोवाल, 30 ऑक्टोबर 1902

मुल्कोवाल हे पंजाबातले एक गाव, आता पाकिस्तानात आहे. 30 ऑक्टोबर 1902 रोजी तिथे 107 जणांना लस देण्यात आली. लस पाच बाटल्यांतून दिली गेली. आठवडाभरात त्यातल्या काहींचे जबडे आखडू लागले, अंगाला झटके येऊ लागले. तो धनुर्वात होता. 19 जण आजारी पडले आणि सगळे दगावले.

यादी तपासली तेव्हा कळले की हे 19 जण एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. बाटलीचा क्रमांक 53-एन. त्याच दिवशी इतर चार बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काहीही झाले नाही.

धनुर्वाताचा जंतू मातीत असतो आणि तो 53-एनमध्ये शिरला, यात शंका नव्हती. प्रश्न होता तो कुठे शिरला. परळमध्ये बाटली भरताना, की मुल्कोवालमध्ये ती उघडताना? उत्तर पहिले असेल तर देशभर गेलेली प्रत्येक बाटली संशयात येते आणि जबाबदार ठरतात ते हाफकिन. उत्तर दुसरे असेल तर ती एका ठिकाणची, एका क्षणाची हयगय ठरते.

सरकारने चौकशी आयोग नेमला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स अध्यक्ष आणि सोबत दोन लष्करी डॉक्टर. आयोगाचा निष्कर्ष असा निघाला की बाटली मुल्कोवालमध्ये उघडण्यापूर्वीच दूषित झाली होती. कार्बोलिक ॲसिड वगळण्याच्या निर्णयावरही ठपका ठेवला गेला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले आणि ते युरोपला परतले.

पुढे चार वर्षे ते बाजूला पडले होते. चौकशीतले सगळे पुरावे लोकांसमोर यायला 1906 उजाडले. ते वाचल्यावर शास्त्रज्ञांना धक्का बसला, कारण उत्तर त्या कागदांतच होते.

बाटलीचे बूच काढायला वापरलेला चिमटा त्या दिवशी मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता, औषधी पाण्यात क्षणभर बुडवून पुन्हा वापरला गेला, अशी साक्ष नोंदवलेली होती. दुसरा मुद्दा वासाचा. धनुर्वाताचा जंतू परळमध्येच शिरला असता तर बंद बाटलीत कित्येक दिवस वाढत राहिला असता आणि बूच उघडताच घाण वास आला असता. लस देणाऱ्या डॉक्टरांना तसा कोणताही वास आला नव्हता. तिसरी गोष्ट म्हणजे रोगाची लक्षणे दिसायला लागलेला वेळ. जंतू नुकतेच आणि थोडे शिरले असतील, तर जुळेल असाच तो होता.

हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिलेल्यांत सर रोनाल्ड रॉस आघाडीवर होते. डासांमुळे मलेरिया होतो हे भारतातच सिद्ध करून नोबेल मिळवणारे रॉस. जुलै 1907 मध्ये त्यांच्यासह 10 शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र प्रसिद्ध करून हाफकिन यांच्यावरील ठपका निराधार असल्याचे जाहीर केले. फ्रान्समध्ये ज्यू लष्करी अधिकारी ड्रेफस याला खोट्या आरोपात अडकवल्याचे प्रकरण नुकतेच गाजले होते. त्यावरून या प्रकरणालाही काहीजण छोटे ड्रेफस प्रकरण म्हणू लागले. 1907 च्या अखेरीस सरकारने हाफकिन यांना दोषमुक्त केले.

आयोगाने मुद्दाम अन्याय केला, असे म्हणायला पुरेसा आधार नाही. पण चिमटा पडल्याची साक्ष समोर असताना आयोगाची नजर परळकडेच का गेली, हा प्रश्न उरतो. एक कारण मघाशीच आले, हाफकिन बाहेरचे होते. दुसरे कारण अधिक साधे आहे. सगळा माल जिथून येतो, त्या ठिकाणाला एक पत्ता असतो आणि एक प्रमुख असतो. शेवटच्या टोकाला अनेक माणसे असतात, अनेक हात असतात. चौकशीला पत्ता सापडतो, हात सापडत नाहीत.

परत आले, पण लस बनवायची नाही

हाफकिन भारतात परतले तेव्हा मुंबईतले त्यांचे पद भरले गेले होते. त्यांना कलकत्त्यातील प्रयोगशाळेचे प्रमुखपद मिळाले, पण तिथे लस बनवण्याची सोय नव्हती. फक्त संशोधन करायचे होते. ज्या माणसाने एका खोलीतून देशाचा लसपुरवठा उभा केला, त्याला पुरवठ्यापासून कायमचे लांब ठेवण्यात आले. दोषमुक्त केले, पण जबाबदारी दिली नाही. सरकारी नोकरीत असलेल्या वाचकांना हा प्रकार अनोळखी वाटणार नाही.

1914 च्या सुमारास ते निवृत्त झाले आणि युरोपला गेले. लग्न केले नव्हते. उत्तरायुष्यात ते धर्माकडे वळले आणि पूर्व युरोपातील ज्यू धार्मिक शाळांसाठी त्यांनी आपली बचत ठेवली. 26 ऑक्टोबर 1930 रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

त्याच्या पाच वर्षे आधी, 1925 मध्ये, परळच्या संस्थेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले होते. 1897 ते 1925 या काळात मुंबईतून प्लेगच्या लशीच्या सुमारे 2 कोटी 60 लाख मात्रा बाहेर गेल्या. 1964 मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

मग नाव औषध खरेदीत कसे आले?

1970 च्या दशकात संस्थेचे दोन भाग झाले. संशोधन संस्थेकडे राहिले आणि लस व औषधांच्या उत्पादनासाठी वेगळे सरकारी महामंडळ निघाले. पोलिओची लस आणि सर्पदंशावरील औषध ही या महामंडळाची ओळख. 2017 मध्ये याच महामंडळात खरेदी कक्ष उभारून राज्याच्या औषध खरेदीचे काम सोपवले गेले.

कल्पना वाईट नव्हती. प्रत्येक जिल्ह्याने आणि प्रत्येक रुग्णालयाने वेगळी खरेदी केली की दर वेगळे पडतात, दर्जा वेगळा मिळतो आणि गैरव्यवहाराला जागा मिळते. सगळ्या राज्याची मागणी एकत्र केली तर दर उतरतात. तमिळनाडूने 1994 मध्ये त्यासाठी स्वतंत्र वैद्यकीय सेवा महामंडळ काढले आणि ते देशभर आदर्श मानले जाते. पण तिथे फक्त निविदा एकत्र केल्या नाहीत. जिल्ह्यांत गोदामे उभारली, आलेल्या मालाचे नमुने प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय वाटप होणार नाही अशी शिस्त लावली आणि प्रत्येक रुग्णालयाला आपल्या वाट्यातून किती औषध उचलले हे दाखवणारे पासबुक दिले. खरेदीसाठीच संस्था होती, तिला दुसरे काम नव्हते.

महाराष्ट्रात हे काम औषध बनवणाऱ्या महामंडळावर आले. मागणीचा प्रवास मोठा असतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यातून संचालनालयाला आणि मग खरेदीदाराला. त्यानंतर निविदा, दरनिश्चिती, पुरवठ्याचा आदेश, तपासणी आणि उलटा प्रवास. यातली एक पायरी अडली की पालमच्या खिडकीवर औषध संपते, आणि कोणती पायरी अडली हे खिडकीवरच्या कर्मचाऱ्यालाही ठाऊक नसते. त्याला ठाऊक असते ते एक नाव. निविदा रखडणे, पुरवठादारांची देयके थकणे आणि मागणी वेळेत न येणे अशा तक्रारी वर्षानुवर्षे होत राहिल्या. मधल्या काळात रुग्णालये स्थानिक पातळीवर खरेदी करून वेळ मारून नेत होती.

अखेर 2023 मध्ये विधिमंडळाने कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन केले आणि खरेदी हाफकिनकडून काढून घेतली. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्णांचे मृत्यू झाले. पालम परिसरातले गंभीर रुग्ण जिथे जातात, तेच हे रुग्णालय. औषधटंचाईचा आरोप झाला, प्रशासनाने तो फेटाळला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा नव्या प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नसल्याचा मुद्दाही न्यायालयासमोर आला.

पुढच्या वर्षी, डिसेंबर 2024 मध्ये, शेजारच्या बीड जिल्ह्यातून वेगळी बातमी आली. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ शासकीय रुग्णालयाला पुरवलेल्या अँटिबायोटिक गोळ्या बनावट असल्याचे तपासणीत आढळले आणि पुरवठादारांवर गुन्हा दाखल झाला. टंचाईइतकाच हाही पुरवठ्याचाच प्रश्न आहे. औषध पोहोचले, पण पाकिटात औषध नव्हते.

आज सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या प्रत्येक पट्टीवर आणि बाटलीवर बॅच क्रमांक असतो. साठ्याची नोंद ई-औषधी या संगणक प्रणालीत होते. एखाद्या औषधाने त्रास झाला, तर डॉक्टरांना पट्टी किंवा रिकामी बाटली दाखवता येते आणि त्या क्रमांकावरून माल कुठून आला हे शोधता येते. त्यासाठी पट्टी कापताना क्रमांकाचा तुकडा फेकून न देणे, एवढेच रुग्णाच्या हातात असते.

परळच्या संस्थेला आपले नाव दिले गेल्याचे कळल्यावर हाफकिन यांनी युरोपातून आभाराचे पत्र पाठवले होते. आयुष्यातील सर्वांत चांगली वर्षे मुंबईच्या त्या कामात गेली, अशा आशयाचे. मुल्कोवालमध्ये दगावलेल्या 19 जणांना कोणत्या बाटलीतून लस दिली गेली, हे कळू शकले ते परळच्या नोंदी आणि गावातल्या यादीमुळे. हाफकिन यांची सुटका शेवटी त्याच कागदांनी केली.